नजरेले इंग्रजी येत नाई

ब्लॉसम सरांनी आयुष्यात कधी कशाला चांगलं म्हटलं नाही. निदान मराठीत तरी नाही. कुणाची तूर डोक्याएवढी वाढलेली असो, कुणाचा मुलगा फौजदार झालेला असो, नाहीतर समोरच्या ताटात वांग्याचं भरीत वाफाळत असो, त्यांचा शेरा ठरलेला: "बरं हाये." फारच मेहेरबान झाले तर, "चालते."

खामगावहून मी धामणगाव बढे इथल्या शाळेत गणित शिकवायला आलो, तेव्हा त्यांच्या खोल्यांना लागूनच मला खोली मिळाली. मधली भिंत इतकी पातळ होती की, एकाला शिंक आली की दुसऱ्याने 'सत्य' म्हणावं. पहिल्याच महिन्यात मी त्यांना आणि त्यांच्या मंडळींना मोठ्या हौसेने जेवायला बोलावलं. भरीत मी स्वतः केलं होतं. सरांनी दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली आणि म्हणाले, "खाण्यासारखं हाये." मी हिरमुसलो. मग हात धुताना, माझ्याकडे न बघता, तांब्यातल्या पाण्याकडे बघत ते पुटपुटले, "एक्सलंट. सिंपली एक्सलंट."

मी म्हटलं, "सर, हेच ताटावर म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"हळू, गणित, हळू," ते म्हणाले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, मी कायमचा 'गणित'. "चांगल्याले चांगलं म्हटलं का त्याले नजर लागते. म्हणून म्या इंग्रजीत म्हनतो. नजरेले इंग्रजी येत नाई."

आता या गोष्टीत नवल काही नव्हतं. आमच्याकडे पीक जोमात असताना 'यंदा झकास आहे' असं कबूल करणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे. 'काय म्हणते कपाशी?' असं विचारा, तो आभाळाकडे बघून 'हाये आपली' म्हणेल. वेलीवरच्या कोवळ्या काकडीकडे कुणी सरळ बोट दाखवत नाही, बोट दुमडून दाखवतात, नाहीतर ती सडते म्हणे. पण हे सगळं पाळणारा माणूस सहसा शेतात असतो. इंग्रजीचा पदवीधर, वर्गात व्याकरणाची चूक केली तर खडू फेकून मारणारा मास्तर हे पाळतो, याची मला तेव्हा गंमत वाटायची. मी गणिताचा माणूस. सिद्ध होत नाही ते मी मानत नव्हतो आणि तसं मोठ्याने सांगतही होतो.

'ब्लॉसम' हे नाव त्यांना मुलांनी ठेवलं होतं. नववीच्या एका धड्यात तो शब्द यायचा आणि आला की सर पुस्तक मिटून ठेवायचे. तीन तास तो एकच शब्द. "फ्लॉवर म्हणजे देवाले वाहाचं," ते फळ्यावर लिहायचे. "ब्लूम म्हणजे डोळे भरून पाहाचं. आन् ब्लॉसम म्हणजे ज्याच्या मागून फळ येते, ते." मग वर्ग उठून शाळेमागच्या शेतात. तिथे ते दुमडलेल्या बोटाने दाखवत चालायचे. आंब्याला येतो तो मोहोर. तुरीला फुलोरा. ज्वारी निसवते. कपाशीला पाती लागते. संत्र्याचा बहार. "इंग्रजानं इतल्या सगळ्याइले एकाच शब्दात कोंबलं. आपल्यापाशी झाडागनिक शब्द हाये, पण बोलाची चोरी!" शेवटच्या तासाला ते त्या शब्दाचं क्रियापद करून दाखवायचे आणि सांगायचे की, क्रियापद झालं की तो माणसालाही लागतो. जे पोरगं कालपर्यंत कोपऱ्यात बसत होतं ते एक दिवस आपलं आपण उमलतं, ते ब्लॉसम. "हे वाक्य लिहून घ्या आन् पाठ करा, पेपरात येत नाई म्हणून सोडू नोका." मुलं घरी जाताना एकमेकांना दुमडलेली बोटं दाखवून खिदळत जायची. गावात पोस्टमनपासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत सगळे त्यांना याच नावाने ओळखत. खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर राहिलं होतं.

या इंग्रजीचा सगळ्यात जास्त त्रास त्यांच्या बायकोला झाला. त्यांना आम्ही बाई म्हणायचो. ज्वारीची भाकर अशी पातळ आणि गोल की, माझ्या कंपासने काढली असती तरी तशी आली नसती. पहिला घास घेतला की सर इंग्रजीतून काहीतरी मोठं वाक्य बोलायचे. बाईंना वाटायचं, पुन्हा काहीतरी चुकलं. "जेवताना तरी मराठीत बोलत जा. शिव्या द्याच्या त मले समजतीन अशा द्या," असं त्या म्हणायच्या आणि सर मान खाली घालून खात राहायचे. मी भिंतीपलीकडे पोट धरून हसायचो.

बाई एका हिवाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेल्या. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि मग आम्ही दोघं एकत्र जेवायला लागलो. माझं लग्न जमता जमता राहून गेलं होतं, मुलगी आधीच सासरी गेल्यामुळे त्यांचं घर रिकामं झालं होतं. भाकरी मी थापायचो. एकदा सर हातातल्या तुकड्याकडे बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "गणित, तिले शेवटपर्यंत असंच वाटलं असंन का, की याले चवच समजत नाई?"

मी पुन्हा कधी त्या गोष्टीवर हसलो नाही.

त्यांना एकच मुलगी, वंदना. इंग्रजीच्या मास्तरची मुलगी दहावीला इंग्रजीतच नापास झाली, आणि गाव काही सोडतं का? बिचारी रस्त्याने मान खाली घालून चालायची. दुसऱ्या वेळी ती कशीबशी पास झाली. त्या दिवशी सरांनी माझ्या खोलीत येऊन पेढ्याचा पुडा ठेवला आणि इंग्रजीतून तिचं इतकं कौतुक केलं की, मलाच निम्मं कळलं नाही. तिच्यापुढे मात्र, "बरं हाये. पुढं काय करतं?" ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "काका, बाबाले माह्यी लाज वाटते ना?" मी म्हटलं, "नाही गं, त्यांचा स्वभावच तसा." एवढं बोलून मी तिला वाटेला लावलं. तिचं लग्न साखरखेर्ड्याकडच्या एका गावात झालं. आखाजीला माहेरी यायची, दोन दिवस राहायची, बापाची भांडी घासून लख्ख करून जायची. दोघांमध्ये बोलणं म्हणजे 'जेवली काय' आणि 'गोळ्या घेतल्या काय'.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी वंदनाने शेडनेट घातलं. तिकडे मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट करतात. हिरव्या जाळीच्या मांडवाखाली मिरचीची झाडं, आणि बायका चिमट्याने एकेका फुलातले पुंकेसर काढून, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग त्याला लावतात. फुलं चिमणीच्या डोळ्याएवढी, त्यातून मिरचीचं फूल खाली मान घालून असतं. हात जरा जड झाला की देठ तुटतो. वंदनाचा हात इतका हलका निघाला की, दोन वर्षांत आजूबाजूच्या प्लॉटवाल्या बाया तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. हे सगळं आम्हाला जावयाच्या फोनवरून कळायचं. मग एका ऑक्टोबरात तिने स्वतः फोन केला. "बाबा, सारा प्लॉट फुलोऱ्यावर आलाय. एकदा येऊन पाहून जा." आयुष्यात तिने बापाकडे मागितलेली ही पहिली गोष्ट असेल.

आम्ही दोघं गेलो. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. जाळीच्या दाराशी वंदना उभी होती, डोक्याला रुमाल, हातात चिमटा, मागे बारा-तेरा बाया ओळीत वाकलेल्या. तिने आम्हाला एकेका ओळीतून फिरवलं. हे नर, हे मादी, झालेल्या फुलाला ही खूण. तिचं बोलणं धडाधड चालू होतं. ती मान खाली घालून चालणारी मुलगी कुठे गेली, असं मला वाटत राहिलं. शेवटच्या ओळीशी ती थांबली, हात ओढणीला पुसले आणि बापाकडे बघितलं. बायांचे चिमटेही थांबले. त्यांनाही माहीत होतं की, आज वंदनाचे वडील आले आहेत, मास्तर आहेत.

सरांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली. म्हणाले, "बरं हाये. पाणी जरासं कमी देत जा."

वंदना "हाव, बाबा" म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. तिचा चेहरा मी पाहिला. तो मी अजून विसरलेलो नाही.

परतीच्या बसमध्ये चिखलीपर्यंत मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. मला राग आला होता. बुलढाणा सोडलं, गाडी राजूर घाट उतरायला लागली, आणि सर एकाएकी इंग्रजीत बोलू लागले. आधी हळू, मग मोठ्याने. तिचे हात पाहिलेस का, ती बायांशी कशी बोलते पाहिलंस का, मी चाळीस वर्षं शिकवलं पण मला असा वर्ग कधी धरता आला नाही. खिडकीच्या गजाला धरून ते म्हणाले, "माय डॉटर हॅज ब्लॉसम्ड, गणित. शी हॅज ब्लॉसम्ड." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नववीच्या वर्गाला दरवर्षी पाठ करायला लावलेलं ते क्रियापद त्यांनी स्वतःच्या माणसासाठी वापरलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी म्हटलं, "सर, हे तिला सांगा. आत्ता फोन लावतो."

"फुलोऱ्यात बोलावं नाई. फळ हाती येऊ दे, मंग सांगतो. मराठीत सांगतो, तू पाह्य."

तेवढ्यात पुढच्या सीटवरची कॉलेजातली मुलगी मागे वळली. तिने सगळं ऐकलं होतं. गोड हसून म्हणाली, "काँग्रॅच्युलेशन्स, आजोबा!"

सरांचा चेहरा उतरला.

चौथ्या दिवशी परतीच्या पावसाबरोबर वादळ आलं. वंदनाचं शेडनेट लोखंडी पाइपांसकट उखडून शेजारच्या नाल्यात जाऊन पडलं. झाडं आडवी झाली, एक फूल राहिलं नाही. जावयाचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होतो. सर फोन ठेवून माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. "बसमधल्या त्या पोरीले समजलं ना, गणित. म्या काय म्हनलो ते तिले समजलं."

मी परोपरीने सांगितलं. वादळ पार जालन्यापर्यंत होतं, शेकडो मांडव उडाले, त्या सगळ्यांचे बाप काही बसमध्ये इंग्रजी बोलले नव्हते. ते ऐकत होते, पण त्यांच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. "आता घरोघरचे पोरं कॉन्व्हेंटात जाऊन राह्यले," ते म्हणाले. "नजर काऊन मागं राहीन? तीबी शिकली इंग्रजी."

हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी टाळी दिली असती. त्या दिवशी मला त्यांची भीती वाटली. कारण माझ्या लक्षात आलं की, या माणसाला आता चांगलं बोलायला कुठलीच भाषा उरली नाही.

आणि तसंच झालं. शाळेतून निवृत्त झाल्यावरही दरवर्षी नववीला तो शब्द शिकवायला हेडमास्तर त्यांना मुद्दाम बोलवायचे. त्या वर्षापासून त्यांनी जाणं बंद केलं. हात धुताना पुटपुटणं बंद झालं. मी मुद्दाम भरीत करायचो आणि वाट बघायचो. ते तांब्यातल्या पाण्याकडे बघायचे आणि हात पुसायचे. वंदनाने पुढच्या वर्षी कर्ज काढून पुन्हा मांडव उभा केला, पण सर परत कधी तिकडे फिरकले नाहीत. ती फोनवर विचारायची, "बाबा, कधी येता?" ते म्हणायचे, "पाहू." तिला वाटलं असणार, एकदा पाहिलं आणि यांना काही आवडलं नाही. फोन माझ्याही हाताशी होता. मी तिला एका वाक्यात सगळं सांगू शकलो असतो. बाप-लेकीच्या मधे आपण कशाला, असं म्हणत मी वर्षं घालवली. याला मी तेव्हा समंजसपणा म्हणायचो.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. शेवटचे आठ दिवस दवाखान्यात होते. डॉक्टर रोज विचारायचे, कसं वाटतं? "बरं हाये." वंदना उशाशी बसून असायची. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी तिचा हात ओढून जवळ घेतला, बोटं एकेक करून चाचपली, ओठ हलले. ती वाकली. "काय, बाबा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि म्हणाले, "जेवली काय?"

तेरवीच्या गर्दीत काही बोलता आलं नाही. पलीकडच्या खोलीला कुलूप लागलं. मी एकट्यापुरती भाकर थापू लागलो आणि रोज एक जास्तीची व्हायला लागली. भिंतीपलीकडे शिंक नाही, खोकला नाही. रेडिओवर एखादी बातमी चांगली लागली आणि मी 'वा!' म्हटलं की पूर्वी तिकडून आवाज यायचा, "हळू, गणित, हळू." आता मी कितीही मोठ्याने 'वा' म्हटलं तरी चालतं, आणि त्यामुळे म्हणवतच नाही.

ऑक्टोबरात मी ठरवलं, बस झालं. एकटाच साखरखेर्ड्याकडे गेलो. तोच जाळीचा मांडव, आता दुप्पट मोठा, आणि सगळा फुलोऱ्यावर. वंदनाने ओळीओळीतून फिरवलं. शेवटच्या ओळीशी थांबली, तशीच, ओढणीला हात पुसत. "कसं हाये, काका?"

मी सिद्ध होईल तेवढंच मानणारा माणूस. मी तिला 'फार सुंदर' म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "बरं आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरले. "बाबाच बोलले," ती म्हणाली.

मग माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "वंदना, ऐक. त्या दिवशी बसमध्ये तुझे बाबा तुझ्याबद्दल..."

तिने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला मिरचीचा वास होता. "चांगलं म्हनले होते?" तिने विचारलं.

मी मान डोलावली.

"मंग आता नोका सांगू, काका. आता फुलोरा हाये." हात तिने काढला नाही. "तोडा होऊ द्या. बी निघू द्या. मंग म्या बलावतो, तवा सांगा. इतले वर्स थांबली, अजून दोन-तीन महिने."

मी बसमधलं ते वाक्य जसंच्या तसं घेऊन परत आलो. माझं वय आता पंचाहत्तरच्या घरात आहे. दोन-तीन महिने म्हणजे तिला काही वाटत नसतील, मला मात्र रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघावं लागतं. ते वाक्य जगात फक्त माझ्याजवळ आहे. बसमधली ती मुलगी कुठे असेल कोण जाणे. म्हणून हे सगळं लिहून काढायला बसलो. निम्मं लिहून झालं असेल, आणि आज दुपारी फोन आला.

"काका, बी निघालं. तपासणीत पास झालं. आता या. आन् बाबा काय म्हनले ते मराठीत सांगा बरं, माह्यं इंग्रजी तुमाले माहीत हाये."

उद्या सकाळच्या गाडीने निघतो आहे. तिन्हीसांजेला उरलेली भाकर झाकून ठेवली आणि त्या शब्दाला मराठी शोधत बसलो. मोहोर आंब्याचा, फुलोरा तुरीचा, पाती कपाशीची. सर तीन तास शिकवायचे, पण माणसासाठी मराठीत काय म्हणायचं ते त्यांनी कधी फळ्यावर लिहिलं नव्हतं. शेवटी साधंच ठरवलं. 'माझी पोरगी फुलली,' असं म्हणाले होते तुझे बाबा. म्हणताना चुकायला नको, म्हणून मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं. मग आणखी मोठ्याने, भिंतीकडे तोंड करून, बोट सरळ ठेवून.

थोडा वेळ थांबलो. पलीकडून कुणी "हळू, गणित, हळू" म्हणालं नाही.